पाण्यांतील चिवट द्रव्यें आणि कोळशाची गाळणी

कोळसा हा घरांतील सर्वांत उपेक्षित पदार्थ होय. त्याचा डाग सदऱ्याला लागला तर आई रागावते, आणि कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण तर आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तथापि ज्यांचीं घरें जुनीं आहेत, त्यांनीं आजीच्या तोंडून तीन घागरींची हकीकत ऐकिली असेल. घडवंचीवर एकाखालीं एक अशा तीन घागरी मांडीत. वरच्या घागरींत ओढ्याचें पाणी ओतीत, मधलींत कोळसा व वाळू यांचे थर असत, आणि खालच्या घागरींत निवळ पाणी थेंबथेंब जमे. आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु कोळशावरून आलेल्या पाण्याचा वास जातो व रंग निवळतो, हें तिनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. यंदा वर्गांत आम्हीं ह्याच कोळशाचा एक धडा घेतला. तो वर्गाबाहेरील वाचकांस, विशेषतः पालकांस, कळावा म्हणून येथें देत आहों.

आमचें पिरंगुट पुण्याहून पौडाकडे व पुढें ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मुळशीचा आंबेमोहर तांदूळ सर्वत्र प्रसिद्ध आहे. परंतु आज ह्या रस्त्याच्या दोहों अंगांस भाताच्या खाचरांबरोबर कारखान्यांचीं छपरेंही दिसतात. कारखान्यांनीं आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं अन्न आणिलें आहे, हें आपण कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. पण जेथें कारखाना आणि विहीर हीं शेजारीं शेजारीं आलीं, तेथें पाण्याविषयीं पूर्वीं न विचारलेले प्रश्न विचारणें हें प्रत्येक गृहस्थाचें कर्तव्य होऊन बसतें. गढूळपणा डोळ्यांस दिसतो, दुर्गंधि नाकास कळतो; पण ज्याला रंग नाहीं, वास नाहीं आणि रुचि नाहीं, असें एखादें द्रव्य पाण्यांत असेल तर तें ओळखावें कसें, आणि काढावें कसें?

अशा द्रव्यांचें एक मोठें कुल आहे. त्याला शास्त्रज्ञ संक्षेपानें ‘पीफास’ म्हणतात. ह्या कुलांत हजारों द्रव्यें मोडतात. परंतु सर्वांची घडण एका तत्त्वावर आहे. कर्ब, म्हणजेच कार्बन, ह्याच्या अणूंची एक साखळी असते, आणि त्या साखळीला फ्लुओरीनचे अणु चोहोंकडून जडलेले असतात. कर्बाचें इतर मूलद्रव्यांशीं जे एकेरी बंध जुळतात, त्यांत फ्लुओरीनशीं जुळणारा बंध सर्वांत बळकट होय. म्हणून हीं द्रव्यें उन्हानें विघटत नाहींत, तेलानें किंवा पाण्यानें भिजत नाहींत, आणि जमिनींतील जे सूक्ष्म जंतु पालापाचोळ्याची माती करितात, त्यांनाही तीं पचत नाहींत. इंग्रजींत त्यांना ‘कायमचीं रसायनें’ अशा अर्थाचें टोपणनांव पडलें आहे, तें ह्याच कारणानें.

ह्या कुलाचा एक महत्त्वाचा पूर्वज अकस्मात् हातीं लागला. ६ एप्रिल १९३८ रोजीं अमेरिकेंत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉय प्लंकेट हा तरुण रसायनशास्त्रज्ञ थंड यंत्रांसाठीं लागणाऱ्या वायूंचा अभ्यास करीत असतां, एका नळकांड्यांतून वायु येईनासा झाला. नळकांडें कापून पाहतां आंत पांढरी, गुळगुळीत भुकटी आढळली. तेंच पुढें टेफ्लॉन म्हणून गाजलें. तव्याला डोसा न चिकटणें, रेनकोटावरून पाणी ओघळून जाणें, खाद्यपदार्थांच्या कागदाला तेल न लागणें, पेट्रोलच्या आगीवर फेंसाचा थर पसरून ती विझविणें, अशा अनेक सोयी ह्या कुलानें मनुष्याला दिल्या. ज्या गुणामुळें हीं द्रव्यें उपयोगी ठरलीं, त्याच गुणामुळें तीं पुढें दुःखास कारण झालीं. जें तुटत नाहीं, तें टाकल्यावरही तुटत नाहीं.

हें जगाला कळलें तें एका गुराख्याच्या तक्रारीमुळें. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांत पार्कर्सबर्ग गांवाजवळ टेनंट नांवाच्या शेतकऱ्याच्या गाई एकामागून एक मरूं लागल्या. त्याच्या रानांतून वाहणारा ओढा कारखान्याच्या कचऱ्याच्या जागेवरून येत असे. त्याचें म्हणणें पुष्कळांनीं कानांआड केलें. पण रॉबर्ट बिलॉट ह्या वकिलानें तें ऐकून घेतलें आणि १९९९ सालीं फिर्याद गुदरली. त्या प्रकरणांतून पुढें त्या भागांतील सुमारे एकोणसत्तर हजार लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. शास्त्रज्ञांच्या मंडळानें कित्येक वर्षें अभ्यास करून २०१२ पर्यंत निष्कर्ष दिला कीं, ‘पीएफओए’ ह्या द्रव्याचा मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आंतड्यांचा व्रणविकार, गरोदरपणांतील रक्तदाब आणि रक्तांतील वाढलेलें कोलेस्टेरॉल, ह्या सहा विकारांशीं संबंध असण्याचा संभव आहे. २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ह्याच द्रव्याची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. हें द्रव्य एकदां शरीरांत गेलें म्हणजे त्याचा निम्मा अंश बाहेर पडावयास कांहीं वर्षें लागतात.

दुसरी हकीकत इटली देशाची आहे, आणि तिचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोंचतो. इटलीच्या व्हेनेतो प्रांतांत त्रिसीनो येथें मितेनी नांवाच्या कंपनीचा अशीं द्रव्यें बनविण्याचा कारखाना होता. २०१३ सालीं असें उघड झालें कीं, त्या परिसरांतील भूगर्भजलांत हीं द्रव्यें दूरवर पसरलीं आहेत; सुमारे साडेतीन लाख लोकांचा पाणीपुरवठा त्या प्रदेशांत येत होता. मुलांच्या रक्ततपासणीचे कागद हातीं आल्यावर तेथील मातांनीं एक मंडळ स्थापिलें व न्यायासाठीं कित्येक वर्षें झगडा दिला. कंपनीचें २०१८ सालीं दिवाळें निघालें. जून २०२५ मध्यें विचेंझा येथील न्यायालयानें अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सांगितल्या. दरम्यान त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावांत निघाली. ती २०१९ सालीं लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज ह्या भारतीय उद्योगसमूहानें घेतली आणि पुढें रत्नागिरी जिल्ह्यांतील खेड तालुक्यांत लोटे परशुराम येथें आणिली. यंत्रें आलीं म्हणजे दोषही आलाच, असें म्हणणें अन्यायाचें होईल. यंत्र तेंच असलें तरी सांडपाण्याची व्यवस्था निराळी असूं शकते. परंतु जो प्रश्न त्रिसीनोच्या मातांना फार उशिरां विचारावा लागला, तो कोंकणांतील मातांना वेळेवर विचारतां यावा, एवढें तरी ह्या इतिहासानें साधलें पाहिजे.

आतां प्रमाणाचा विचार करूं. एप्रिल २०२४ मध्यें अमेरिकेच्या सरकारनें पीएफओए व पीएफओएस ह्या दोन द्रव्यांसाठीं पिण्याच्या पाण्यांत दर लिटरास प्रत्येकीं ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरविली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश. आमच्या विद्यार्थ्यांस ही संख्या केवळ कागदावर कळेना, म्हणून आम्हीं फळ्यावर गणित मांडिलें. खडकवासल्याच्या तलावांत सुमारे दोन टी.एम.सी., म्हणजे दोन अब्ज घनफूट, पाणी मावतें. त्याचे सुमारे साडेछप्पन्न अब्ज लिटर होतात. त्यास चारानें गुणून अब्जानें भागिलें असतां उत्तर आलें सव्वादोनशे ग्रॅम. पावशेर साखरेची पुडी भरलेल्या तलावांत विरघळवावी, इतकेंच हें प्रमाण! एवढा अल्प अंश शोधून काढणें हेंच कठीण. तो पाण्यांतून वेगळा करणें त्याहून कठीण.

आपल्या नेहमींच्या उपायांनीं काय होतें तें पाहूं. तुरटी फिरविली तर गाळ खालीं बसतो. पण हीं द्रव्यें गाळ नव्हेत, तीं विरघळलेलीं असतात. वाळूच्या थरांतून तीं सरळ निघून जातात. ब्लीचिंग पावडरीनें जंतु मरतात. पण ज्यांत जीवच नाहीं, तें मरणार कसें? आणि पाणी उकळलें तर पाण्याची वाफ होऊन तेवढें पाणी कमी होतें, द्रव्य मात्र भांड्यांतच राहून किंचित् अधिक दाट होतें. जंतूंसाठीं पाणी उकळणें योग्यच आहे व तें सोडूं नये. परंतु ह्या शत्रूपुढें तें शस्त्र चालत नाहीं.

येथें आजीचा कोळसा कामास येतो. कोळसा रंग शोषितो, हें १७८५ सालीं टोबियस लोविट्झ ह्या शास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें होतें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं कोळशाला वाफेनें अथवा रसायनांनीं तापवून त्यांतील सूक्ष्म छिद्रें मोकळीं करण्याची कृति निघाली. अशा कोळशास सक्रिय कोळसा म्हणतात. तो दगडी कोळशापासून करितात, लांकडापासून करितात, आणि आपल्या कोंकणांत ज्यांची वाण नाहीं, त्या नारळाच्या करवंट्यांपासूनही उत्तम होतो. छिद्रें इतकीं असंख्य असतात कीं, एक ग्रॅम सक्रिय कोळशाच्या आंतबाहेरच्या पृष्ठभागाचें क्षेत्रफळ सुमारे एक हजार चौरस मीटर भरतें. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर चिमूटभर कोळशांत जवळजवळ दहा गुंठे जमीन घडी घालून ठेविलेली असते!

ह्या जमिनीवर द्रव्याचे रेणु येऊन चिकटतात. स्पंज पाणी आंत ओढून घेतो, त्यास शोषण म्हणतात. येथें रेणु केवळ पृष्ठभागास धरून राहतात, म्हणून ह्या क्रियेस अधिशोषण हें निराळें नांव आहे. पीफासच्या रेणूचें एक टोंक पाण्याशीं सख्य ठेवितें. परंतु त्याची फ्लुओरीननें मढविलेली लांब शेपटी पाण्याला टाळते. कोळशाचा पृष्ठभाग भेटतांच ती पाण्याची संगत सोडून त्याच्या आश्रयास जाते. ज्या गुणामुळें हें द्रव्य तव्यावर उपयोगी पडलें, तोच गुण येथें त्यास पकडून देतो. व्हेनेतो प्रांतांत आणि अमेरिकेच्या त्या नदीकांठच्या गांवांत लोकांचें पाणी सुधारलें तें सक्रिय कोळशाच्या मोठ्या टाक्या बसवूनच.

हें मुलांना प्रत्यक्ष दाखवावें म्हणून आम्हीं एक साधा प्रयोग केला. पीफास घेऊन वर्गांत प्रयोग करणें योग्यही नाहीं व शक्यही नाहीं. म्हणून त्याच्या जागीं निळी शाई घेतली. दोन बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या टांगल्या आणि तोंडाशीं कापसाचा बोळा बसविला. एकींत धुतलेली वाळू भरली, दुसरींत मासे पाळण्याचें साहित्य विकणाऱ्या दुकानांतून आणिलेला दाणेदार सक्रिय कोळसा धुवून भरला. मग दोहोंत शाईचें पाणी हळूहळू सोडिलें. वाळूंतून निळेंच पाणी आलें. कोळशांतून आलेलें पाणी स्वच्छ होतें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. पण धडा येथें संपला नव्हता.

एका मुलानें घाईनें पेला एकदम उपडा केला; त्या वेळीं कोळशांतूनही फिकट निळें पाणी आलें. त्यावरून पहिला नियम कळला: कोळशाला वेळ दिला पाहिजे. मोठ्या पाणीपुरवठ्याच्या टाक्यांतही पाणी कोळशाच्या थरांत साधारण दहा ते वीस मिनिटें राहील, अशी योजना करितात. मग एका पेल्यांत आम्हीं शाईबरोबर चहाचें कोरें पाणी मिसळून ओतिलें. असे थोडे पेले होतांच कोळसा लवकर थकला. त्यावरून दुसरा नियम कळला: पाण्यांत पालापाचोळ्याचा अर्क व इतर सेंद्रिय मळ असेल, तर तो कोळशावरील जागा आधींच अडवून बसतो. तिसरा नियम शाईनें दाखवितां येत नाहीं, म्हणून तो सांगावा लागला: ज्यांची साखळी लांब, तीं द्रव्यें कोळशास घट्ट धरतात, ज्यांची साखळी चारच कर्बांची, तीं लवकर निसटतात. हल्लीं जुन्या लांब द्रव्यांऐवजीं आंखूड द्रव्यें वापरण्याकडे कारखान्यांचा कल आहे. त्यामुळें कोळशाचें काम अधिक अवघड झालें आहे. अशा ठिकाणीं कोळशाच्या जोडीस विशिष्ट राळेचे मणी अथवा आरओची पडदी वापरतात. आरओनें हीं द्रव्यें पुष्कळ अंशीं अडतात. पण अडलेलीं द्रव्यें त्याच्या टाकाऊ पाण्याबरोबर मोरींत जातात, हें विसरतां कामा नये.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. आम्ही पेल्यामागून पेला ओतीत राहिलों. दुसऱ्या दिवशीं पाण्यास अगदीं पुसट निळी झांक आली, नंतर ती वाढत गेली, आणि शेवटीं कोळशाच्या बाटलींतून वाळूच्या बाटलीइतकेंच निळें पाणी येऊं लागलें. कोळसा दिसावयास मात्र पूर्वींसारखाच काळा होता. दहा गुंठे जमीन भरली होती, पण बाहेरून तें कोणासही कळलें नसतें. शाई असल्यामुळें डोळ्यांस कळलें. पीफास असतें तर प्रयोगशाळेच्या तपासणीवांचून कळलें नसतें. म्हणूनच सुज्ञ अभियंते दोन टाक्या एकीपुढें एक जोडितात. पहिल्या टाकीबाहेरील पाण्यांत द्रव्य दिसूं लागलें, तरी दुसरी टाकी लोकांचें रक्षण करिते, आणि तेवढ्यांत पहिलींतील कोळसा बदलतां येतो.

तेव्हां इयत्ता नववींतील एका मुलीनें हात वर केला आणि विचारलें, “सर, आपल्या व्हरांड्यांतल्या फिल्टरमधला कोळसा केव्हां बदलला?”

वर्ग शांत झाला. आम्हांस उत्तर देतां येईना. मधल्या सुटींत जाऊन पाहिलें. कोळशाच्या कांडीवर ‘बसविल्याची तारीख’ असें छापून पुढें जागा कोरी ठेविलेली होती, आणि ती कोरीच होती. कार्यालयांतील वह्या चाळतां असें दिसलें कीं, दोन वर्षांपेक्षां अधिक काळ ती बदलली नव्हती. त्या फिल्टरचें पाणी शेंकडों मुलें विश्वासानें पीत होतीं, आणि त्याची देखरेख आमच्याकडे होती. दोष सर्वस्वीं आमचाच होता. येथें तो लिहितांना आम्हांस संकोच वाटत नाहीं, कारण ज्याला दोष लपवावयाचा आहे, त्यानें विज्ञान शिकवूं नये. त्याच आठवड्यांत नवी कांडी बसली. तारीख त्या मुलीनेंच लिहिली. आतां दर महिन्यास नववीचा एक विद्यार्थी भिंतीवरील तक्ता पाहून सही करितो.

त्याच दिवशीं जुनी कांडी कचऱ्याच्या डब्यांत टाकण्यास निघालों, तेव्हां दुसऱ्या एका मुलानें विचारलें, “सर, मग कोळशाला चिकटलेलें गेलें कुठें?” हा प्रश्न पहिल्याहून खोल आहे. कोळशानें द्रव्याचा नाश केलेला नसतो. त्यानें तें केवळ धरून ठेविलेलें असतें. ज्या कोळशानें खरोखरच पीफास धरिलें आहे, तो उकिरड्यावर फेंकिला तर पावसाच्या पाण्याबरोबर तें पुन्हां जमिनींत उतरण्याचा संभव असतो. म्हणून मोठ्या योजनांत वापरलेला कोळसा खास भट्ट्यांत सुमारे हजार अंशांच्या उष्णतेनें तापवून पुन्हां सक्रिय करितात, अथवा जाळून टाकितात. आणि त्या भट्टीचा धूरही नीट शुद्ध करावा लागतो. घाण पाण्यांतून काढून शेजाऱ्याच्या शेतांत ठेविली, तर ती शुद्धि नव्हे.

शुद्ध पाण्याची किंमत कोणीतरी देत असतें, हें पिरंगुटाच्या लोकांस निराळें सांगावयास नको. ७ जून २०२१ रोजीं येथून जवळच उरवडे येथें, पाणी शुद्ध करण्याचीं द्रव्यें बनविणाऱ्या एका कारखान्यास आग लागून अनेक कामगार मृत्यु पावले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. कोणाची आई, कोणाची सून. त्यांच्या स्मरणार्थ आपण एवढें तरी ध्यानांत ठेवावें कीं, पाणी, तें शुद्ध करणारें द्रव्य, आणि तें द्रव्य बनविणारे हात, ह्या तिहींचीही काळजी घेतली पाहिजे.

पालकहो, ह्या लेखानें आपण भयभीत व्हावें असा आमचा हेतु नाहीं. आपल्या विहिरीवर किंवा शेजारच्या कोणत्याही कारखान्यावर आम्ही आरोप करीत नाहीं. मात्र चार गोष्टी सुचवितों. घरीं कोळशाचा फिल्टर असल्यास त्याची तारीख आजच पाहावी. फिल्टर आहे म्हणून पाणी उकळण्याचें सोडूं नये. कोळसा जंतु मारीत नाहीं. ग्रामसभेंत पाण्याच्या तपासणीचा कागद मागावा, आणि तपासणींत फक्त जंतु व क्षार पाहिले कीं हीं द्रव्येंही पाहिलीं, असें विचारावें. कारण २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पेयजलाच्या भारतीय मानकांत ह्या कुलासाठीं निराळी मर्यादा घातलेली नव्हती. आणि चौथी गोष्ट, जें द्रव्य पाण्यांत गेल्यावर काढणें इतकें कष्टाचें व खर्चाचें आहे, तें मुळांतच पाण्यांत जाऊं न देणें हें सर्वांत स्वस्त, असें आपल्या मुलांस शिकवावें. ह्यांपैकीं कांहीं उद्यां कारखान्यांत अभियंते होतील. नळाचें तोंड त्यांच्याच हातीं असणार आहे.

पवित्र शास्त्रांत मारा येथील कडू पाण्याची कथा आहे. तहानेनें व्याकूळ झालेले लोक कुरकुर करूं लागले, तेव्हां परमेश्वरानें मोशेला एक झाड दाखविलें. तें पाण्यांत टाकितांच पाणी गोड झालें. ही कथा आम्हीं लहानपणीं रविवारच्या शाळेंत ऐकिली, तेव्हां तींतील चमत्कारच आमच्या मनांत भरला होता. आज एक निराळी गोष्ट मनांत येते. झाड तेथें आधींपासूनच होतें. तें कोणीतरी दाखवावें व कोणीतरी उचलून पाण्यापर्यंत न्यावें लागलें. करवंटी आपल्या अंगणांत आहे, कोळसा आपल्या चुलींत आहे, आणि बुद्धि देवानें प्रत्येकास दिली आहे. यंदाच्या वर्षीं तें झाड आम्हांस नववींतील एका मुलीनें दाखविलें, ह्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहों.